विजया आणि अहिफेन : अमेरिकेतील वाद व आपले तारतम्य

कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फिन घेणारा एक रुग्ण चिकित्सालयात आला. ‘अमेरिकेत गांजामुळे अफूची औषधे सुटतात म्हणे, ही गोळी बंद करून मला विजयाच द्या,’ असा त्याचा आग्रह होता. हा प्रश्न अनेक वैद्यबंधूंपुढे येत असेल, म्हणून त्याचा येथे थोडक्यात परामर्श घेत आहे.

अमेरिकेतील १९९९ ते २०१० या काळातील मृत्युनोंदींचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्या राज्यांत गांजाच्या वैद्यकीय उपयोगास मान्यता होती, तेथे अफूवर्गीय वेदनाशामकांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. पर्यायाच्या पुरस्कारास तेथून बळ मिळाले. परंतु त्याच पद्धतीने २०१७ पर्यंतची आकडेवारी तपासली असता हे प्रमाण उलट सुमारे २३ टक्क्यांनी अधिक दिसले. तो निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तात्पर्य, राज्यांच्या सरासरीवरून समोरच्या रुग्णाची चिकित्सा ठरत नाही. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेनेही २०२१ मध्ये वेदनेसाठी गांजावर्गीय द्रव्यांच्या सार्वत्रिक वापरास पाठिंबा दिला नाही.

शिवाय दोन्ही देशांची स्थिती भिन्न आहे. अमेरिकेतील संकट अफूवर्गीय औषधांच्या अतिवापरातून उद्भवले. आपल्याकडे मॉर्फिन रुग्णापर्यंत पोहोचतच नव्हते. ते सुलभ व्हावे म्हणूनच १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती करावी लागली.

शास्त्रदृष्ट्याही विचार करावा. विजया दीपन, पाचन, ग्राही व मदकारी आहे. जातिफलादि चूर्णात ती योजिली आहे ती मुख्यतः ग्रहणीसाठी. मॉर्फिनने मलावष्टंभ होतो. अशा रुग्णास ग्राही द्रव्य देताना तारतम्य हवेच. दोन्ही द्रव्ये एकत्र दिल्यास तंद्रा वाढते. मॉर्फिन एकाएकी थांबविल्यास वेदना उसळते आणि अस्वस्थता, वमन, अतिसार ही लक्षणे उद्भवतात.

भांग व अहिफेन ही दोन्ही द्रव्ये अनुसूची ई (१) मध्ये समाविष्ट आहेत. त्यांच्या कल्पांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना अनिवार्य आहे. औषधी दुकानदारांनी असे कल्प वैद्यांच्या चिठ्ठीविना देऊ नयेत, ही विनंती. वैद्यांनी रुग्णाची चालू औषधे आधी विचारावीत; मात्रा, शोधन व अनुपान यांची नोंद ठेवावी.

उपरोक्त रुग्णाचे मॉर्फिन आम्ही थांबविले नाही. त्याच्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलून मलावष्टंभ व अग्निमांद्य यांची चिकित्सा केली. त्याची तक्रार खरी तेवढीच होती.