बॉडी बदलण्याआधी काच तपासा

जुना डिजिटल रेंजफाइंडर बाळगणाऱ्या माणसाला दर काही वर्षांनी एकच प्रश्न छळतो: आता नवा घ्यावा का? आणि बहुतेक जण तो मेगापिक्सेलच्या बाजूने सोडवायला जातात. जुन्या बॉडीचा आकडा एकीकडे, नव्या बॉडीचा दुसरीकडे, मधली तफावत डोळ्यांत भरते आणि लाखांचा व्यवहार होऊन जातो. माझं म्हणणं असं की या प्रश्नात मेगापिक्सेलचा नंबर फार खाली लागतो. डिजिटल रेंजफाइंडरमध्ये दोन वेगळ्या आयुष्यांची यंत्रं एका पेटीत बसवलेली असतात. एक यांत्रिक, नीट सांभाळलं तर पिढ्यान्‌पिढ्या चालणारं. दुसरं इलेक्ट्रॉनिक, सुटे भाग संपले की संपणारं. कॅमेरा ठेवायचा की सोडायचा, हे या दुसऱ्या यंत्राच्या प्रकृतीवरून ठरवावं.

लायका एम ९ चं उदाहरण घेऊ, कारण हा पेच सगळ्यांत ठळकपणे त्याच कॅमेऱ्यात दिसतो. त्याच्या आधी २००४ मध्ये एप्सनचा आर-डी १ आला होता, सहा मेगापिक्सेलचा. डिजिटल असूनही दर फोटोला तरफ ओढून शटर भरावं लागे. २००६ मध्ये लायकाचा एम ८ आला, पण त्याचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान होता. ९ सप्टेंबर २००९ रोजी जाहीर झालेला एम ९ हा पूर्ण चौकटीचा पहिला डिजिटल रेंजफाइंडर. आत कोडॅकचा १८ मेगापिक्सेलचा सीसीडी सेन्सर, आणि पुढे १९५४ पासून चालत आलेला एम माउंट. म्हणजे आजोबांनी साठ वर्षांपूर्वी घेतलेली लेन्स आजही त्यावर बसते आणि फोकसही होते. लेन्समागची धातूची कड आतल्या छोट्या चाकाला ढकलते, चाक रेंजफाइंडरची यंत्रणा हलवतं, आणि व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकमेकींवर येऊन बसतात. या साखळीत बिघडलेलं जवळपास सगळं चांगल्या कारागिराला दुरुस्त करता येतं.

सेन्सरची गोष्ट वेगळी. एम ९, एम ९-पी, पहिला मोनोक्रोम आणि एम-ई टाइप २२० या चारही कॅमेऱ्यांत सेन्सरवर बसवलेली संरक्षक काच दमट हवेत हळूहळू गंजते. ही काच अवरक्त प्रकाश गाळण्यासाठी मुद्दाम निवडलेल्या जातीची आहे. तिच्यावरच्या थराला बारीकसा ओरखडा किंवा छिद्र पडलं की तिथून ओलावा आत शिरतो आणि काचेचीच झीज सुरू होते. २०१४ मध्ये कंपनीने हा दोष उघडपणे मान्य केला, सुरुवातीला कॅमेऱ्याचं वय न पाहता सेन्सर मोफत बदलून दिले आणि पुढे न गंजणाऱ्या काचेचे सेन्सर तयार करून घेतले. ऑगस्ट २०१७ पासून ही सवलत आटोपती घेतली गेली, आणि कालांतराने बदलून द्यायला सीसीडी सेन्सरच शिल्लक राहिले नाहीत. यातली मेख अशी की नवी काच येण्यापूर्वी ज्यांचे सेन्सर बदलले गेले, त्यांना पुन्हा जुन्याच काचेचा सेन्सर मिळालेला असू शकतो. त्यामुळे ‘सेन्सर बदललेला आहे’ एवढ्या शब्दावर विसंबू नये. कधी बदलला, कोणत्या प्रकारचा बसवला, याचा सर्व्हिसचा कागद हवा.

तपासणी घरी करता येते. सेन्सर आधी साफ करून घ्यावा, म्हणजे धुळीचा घोटाळा राहत नाही. लेन्स एफ १६ वर बंद करावी, फोकस मुद्दाम हलवून ठेवावा आणि निरभ्र आकाशाचा किंवा एकसारख्या उजेडातल्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा. संगणकावर तो शंभर टक्के मोठा करून, कॉन्ट्रास्ट वाढवून, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून ओळीने पाहत जावं. धूळ असेल तर साधा करडा ठिपका दिसतो आणि पुढच्या साफसफाईत तो जातो किंवा जागा बदलतो. गंज असेल तर मध्ये गडद बिंदू आणि भोवती फिकट कडं दिसतं, कागदावर तेलाचा थेंब पसरावा तसं, आणि कितीही पुसलं तरी ते त्याच जागी राहतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी ही परीक्षा दरवर्षी पावसाळा संपल्यावर करावी. लेन्सना बुरशी लागू नये म्हणून आपण सिलिका जेल घालतो, ड्राय कॅबिनेट घेतो. त्या कपाटात बॉडीलाही जागा असू द्यावी.

काच शाबूत असेल तर? मग माझं स्पष्ट मत, घाई करू नका. १८ मेगापिक्सेल म्हणजे आडवे ५२१२ आणि उभे ३४६८ बिंदू. इंचाला ३०० बिंदू या कसोटीवर छापलं तरी साडेसतरा इंचांच्या आसपास रुंदी मिळते, म्हणजे ए ३ कागद जवळपास भरतो. २०२२ च्या एम ११ मध्ये ६० मेगापिक्सेल आहेत. आकडा तिपटीहून जास्त, पण रुंदी वाढते फक्त १.८ पट. त्याच एम ११ मध्ये ३६ आणि १८ मेगापिक्सेलच्या फाइल निवडण्याची सोय निर्मात्यांनीच ठेवली आहे, हे विसरू नये. शिवाय बिंदू जितके बारीक, तितकी फोकसची चूक जास्त उघडी पडते. ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.४ वर उघडी ठेवून एक मीटरवरच्या चेहऱ्यावर रोखली, तर जुन्या ढोबळ हिशेबानेही जेमतेम तीन सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. तेवढ्यात डोळा पकडायचा तर रेंजफाइंडर काटेकोर जुळलेला हवा. कित्येकांची ‘माझा जुना कॅमेरा मऊ फोटो देतो’ ही तक्रार मुळात जुळणी हलल्याची तक्रार असते. दूरच्या मोबाइल टॉवरची कड अनंतावर नीट जुळते का पाहा. मग एक मीटरवर तिरकी पट्टी ठेवून, लेन्स पूर्ण उघडी करून मधल्या खुणेवर फोकस करा. स्पष्टता खुणेच्या पुढे-मागे सरकत असेल तर आधी जुळणी करून घ्या. नव्या बॉडीच्या तुलनेत तो खर्च किरकोळ आहे, आणि फोटोत पडणारा फरक मोठा.

इथे दोन आक्षेप येतात. एक भावनेतून: सीसीडीचा रंग सीमॉसला येत नाही, म्हणून एम ९ कधीच सोडू नये. एम ९ च्या रंगांवर माझंही प्रेम आहे, पण त्याचं श्रेय सीसीडीला देणं मला पटत नाही. सेन्सर स्वतः रंग ओळखत नाही. रंग ठरतो तो बिंदूंवरच्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांवरून, अवरक्त काचेच्या जाडीवरून आणि फाइल उलगडणाऱ्या प्रोफाइलवरून. याचा पुरावा लायकाच्याच घरात आहे. एम ८ मध्येही कोडॅकचा सीसीडीच होता, पण त्याची काच फक्त अर्ध्या मिलिमीटरची. अवरक्त प्रकाश आत झिरपून काळं सिंथेटिक कापड जांभळं दिसे आणि कंपनीला ग्राहकांना फिल्टर द्यावे लागले. दोन्हीकडे सीसीडीच, पण काच बदलली आणि रंग पालटला. म्हणून ‘हा रंग पुन्हा मिळणार नाही’ या भीतीपोटी गंजलेल्या सेन्सरवर पैसे ओतत राहू नये. नव्या कॅमेऱ्याच्या डीएनजी फाइलवर संयमाने स्वतःचं प्रोफाइल बसवलं तर बरंच जवळ जाता येतं.

दुसरा आक्षेप उजेडाचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. एम ९ चा मूळ आयएसओ १६०, कमाल २५००, आणि माझ्या कसोटीवर ८०० च्या पुढे सावल्यांत किटकिट सुरू होते. ज्याचं काम देवळाच्या गाभाऱ्यात, तमाशाच्या कनातीत किंवा रात्रीच्या मिरवणुकीत चालतं, त्याच्यासाठी ही अडचण रोजची आहे. २०१७ च्या एम १० मध्ये ६४०० लाही छापण्याजोगी फाइल मिळते, आणि सावल्या नंतर उजळायलाही पुष्कळ वाव राहतो. अशा माणसाने काच शाबूत असली तरी बदल करावा. मात्र त्याआधी आपले गेल्या वर्षाचे फोटो उघडून, त्यांतले किती खरोखर आयएसओपायी वाया गेले ते मोजावं. दिवसाउजेडी गल्लीबोळांत फिरणाऱ्याला ती संख्या फारच छोटी सापडते.

मग कुणी म्हणतं, रेंजफाइंडरच कशाला, मिररलेस बॉडी घ्या आणि अ‍ॅडॉप्टरने या लेन्सा लावा. ५० किंवा ९० मिलिमीटरसाठी हे चालून जातं. रुंद लेन्सांचं मात्र फसतं. एम ९ च्या सेन्सरवरची काच ०.८ मिलिमीटरची आणि कडेची सूक्ष्म भिंगं आत सरकवलेली, कारण २१ किंवा २८ मिलिमीटरच्या जुन्या रेंजफाइंडर लेन्सांतून प्रकाश कोपऱ्यांत फार तिरका येतो. बऱ्याच मिररलेस बॉड्यांत ही काच दोन मिलिमीटरच्या घरात असते, आणि तिथे कोपरे फिसकटतात. तेव्हा रुंद लेन्स हीच ज्याची मुख्य पुंजी आहे, त्याला एम बॉडीला पर्याय नाही.

काच गंजली असेल आणि बदल करायचाच ठरला, तर सर्वांत नवी बॉडी हेच उत्तर असतं असं नाही. काही खासगी दुरुस्तीवाले सेन्सरवरची काच बदलून देतात. बाकी बॉडी उत्तम असेल आणि एम ९ वर जीव जडला असेल तर त्याचा जरूर विचार करावा. कॅमेरा परदेशी पाठवणार असाल तर तो दुरुस्तीसाठी जातो आहे याची कस्टम्सची कागदपत्रं जाण्यापूर्वीच करा, नाहीतर परतताना स्वतःच्याच कॅमेऱ्यावर शुल्क भरायची पाळी येते. सेकंडहँड बाजारात २०१३ पासूनचा २४ मेगापिक्सेलचा लायका एम टाइप २४० सगळ्यांत समंजस वाटतो. बॅटरी दमदार, काचेचा हा रोग नाही, आणि लाइव्ह व्ह्यू असल्यामुळे लांब लेन्सांचा फोकसही पडताळता येतो. तो ६८० ग्रॅमचा आहे, एम ९ ५८५ चा. दिवसभर गळ्यात वागवणाऱ्याला हा फरक जाणवतो. एम १० ने फिल्मच्या कॅमेऱ्याचा सडपातळपणा परत आणला, म्हणून हातात घेतल्यावर तोच सर्वांत जास्त आपला वाटतो. एम ११ मी फक्त भिंतभर छापणाऱ्यांना किंवा फोटो बराच कापून वापरणाऱ्यांना सुचवेन.

आणि जुनी बॉडी विकताना एफ १६ वर काढलेली आकाशाची फाइल घेणाऱ्याला आधी पाठवावी. विकत घेत असाल तर तीच फाइल मागावी, मूळ डीएनजी, आणि ती देण्याची टाळाटाळ झाली तर किंमत कितीही मोहात पाडणारी असो, व्यवहार तिथेच थांबवावा.