पगार तोच, पेढ्याची चव गेली

आजचं वाचन गीता, अध्याय ४, श्लोक २२.

मागच्या महिन्यात पगार वाढला. पुण्यातल्या रूमवर पेढे वाटले, रात्री मिरजगावला आईला फोन केला. दोनच दिवसांनी धाकट्या चुलतभावाचं स्टेटस दिसलं. दारात नवी गाडी, बॉनेटवर हार, शेजारी काका. झालं! माझा पगार एका रुपयानंही कमी झाला नव्हता, पण आनंद गेला. त्याला साधं अभिनंदनसुद्धा टाकलं नाही.

या श्लोकात भगवंत दोन गोष्टी एकाच ओळीत ठेवतात. सहज मिळेल त्यात संतुष्ट असणं आणि 'विमत्सर', म्हणजे मत्सर नसणं. मी आजवर पहिलीच वाचत होतो. समाधान म्हणजे गरजा कमी करणं, असं वाटायचं. पण माझी गरज कुठे वाढली होती? नजर फक्त दुसऱ्याच्या दारात गेली होती. बरं, हे ऐकणारा अर्जुन रणांगणावर उभा आहे. त्यामुळे 'समाधानी राहिलो तर प्रगती थांबेल' ही आपली सबब इथे चालत नाही. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, १२९० मध्ये माउलींनी गीता मराठीत उलगडली. मी ती उघडली स्टेटस बघून जळल्यावर!

काल त्याला फोन केला. अभिनंदन म्हणताना जीभ जरा अडखळली. तो म्हणाला, "दादा, तू आल्याशिवाय गाडी राशीनच्या देवीला नेली नाही. कधी येतोस?"

रविवारी जातोय. थोडं टोचतंय अजून, खोटं कशाला बोलू.