नव्या धंद्याची ऑनलाइन जाहिरात : स्वस्त कोणती आणि महाग कोणती?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर या गावांत कापडाच्या धंद्यात नव्याने उतरणारे तरुण आज एक प्रश्न हमखास विचारतात. पंचवीस-तीस हजारांचा माल घरी आणून ठेवला आहे, दुकान नाही, पेढीचे नाव नाही. तर मोबाइलवर जाहिरात द्यावी काय, आणि द्यावी तर सर्वांत स्वस्त कुठे पडेल? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर जाहिरातीच्या दरपत्रकात सापडत नाही, ते आपल्या स्वतःच्या वहीत सापडते. म्हणून वाचक बंधूंना आमची विनंती आहे की मोबाइल बाजूला ठेवून आधी कागद-पेन घ्यावे.

एका नगामागे किती उरते?

समजा, एक सुती ड्रेस मटेरियल आपण ७०० रुपयांना विकतो. खरेदी ४८०, पॅकिंग आणि कुरियर ८०. नवखा माणूस म्हणतो, १४० रुपये नफा झाला. पण घरपोच आल्यावर पैसे, या पद्धतीत काही पार्सले परत येतात, हे या धंद्यातला प्रत्येक जण जाणतो. दहा पार्सले पाठवली आणि दोन परत आली असे धरू. विक्री आठ नगांची, म्हणजे ५,६०० रुपये. आठ नगांच्या कापडाचे ३,८४० गेले, दहाही पार्सलांच्या पॅकिंग-कुरियरचे ८०० गेले, परतीचे भाडे प्रत्येकी ६० प्रमाणे १२० गेले. हाती राहिले ८४०. आठाने भागले तर एका नगामागे १०५ रुपये. परत आलेले कापड घडी न मोडता आले, असे मानून हा हिशेब आहे. डाग पडून आले तर तो तोटा निराळा.

हा १०५ चा आकडा हीच जाहिरात खर्चाची शेवटची हद्द होय. आता एखादा सांगतो की एका क्लिकला अवघे ४ रुपये पडतात. ऐकायला स्वस्त वाटते. शंभर जणांनी जाहिरातीवर बोट ठेवले, ४०० रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४७२. त्या शंभरांतून तिघांनी माल घेऊन ठेवून घेतला, तर एका विक्रीमागे जाहिरात १५७ रुपयांना पडली. प्रत्येक नगावर ५२ रुपये पदरचे गेले. विक्री जितकी वाढेल तितके भांडवल झपाट्याने आटेल, आणि माणूस मात्र ऑर्डरी वाढल्या म्हणून खूश असेल. जीएसटी नोंदणी असलेल्याने जाहिरातीच्या खात्यात आपला क्रमांक भरला तर तो कर नियमानुसार वजा मिळतो; नोंदणी नसलेल्याला किंवा कंपोझिशन योजनेतल्याला तो मिळत नाही.

मग लहान माणसाने जाहिरात करूच नये काय? तसे नाही. पातळ नफ्याचा किरकोळ माल पैशाच्या जाहिरातीचे ओझे सहसा उचलू शकत नाही, एवढे मात्र ध्यानी घ्यावे. हेच कापड ५४० ला घाऊक दिले तर नगामागे ६० उरतात. जालना किंवा लातूरच्या एका दुकानदाराने ४० नग उचलले, गाडीभाडे त्याचे, तर २,४०० झाले. तो दुकानदार मिळवण्यासाठी १,५०० खर्च झाले तरी ९०० हाती आहेत, आणि माल पसंत पडला तर पुढच्या हंगामात तो बिनजाहिरातीचा परत येतो. म्हणजे तीच जाहिरात किरकोळीत महाग आणि घाऊकीत स्वस्त! ज्याच्या हातात कसब आहे, ज्याच्या भरतकामाची किंवा छपाईची बरोबरी शेजारच्या गाळ्यात होत नाही, त्याचाही नफा जाड असतो. त्यालाही ही जाहिरात परवडते.

पैसे न लागणारी कामे आधी

गुगलवर आपल्या धंद्याची नोंद करणे विनामूल्य आहे. पूर्वी तिला गुगल माय बिझनेस म्हणत, २०२१ पासून गुगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात. ज्याच्याकडे गिऱ्हाईक येते किंवा जो गिऱ्हाइकाकडे जातो, त्याच्यासाठी ही सोय आहे; नुसते ऑनलाइन विकणाऱ्यासाठी नाही. घरातून काम करणाऱ्या कारागिराला पत्ता न दाखवता केवळ गावांची हद्द देता येते. दुकानाची वेळ, फोन, मालाचे खरे फोटो भरावेत. जुन्या गिऱ्हाइकांना अभिप्राय लिहिण्याची विनंती करण्यात कमीपणा मानू नये, मात्र भाऊबंदांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेऊ नयेत. वाचणाऱ्याला ते ताबडतोब कळतात.

दुसरे व्हॉट्सअॅप बिझनेस. भारतात ते २०१८ पासून आहे आणि लहान व्यापाऱ्याच्या अॅपला पैसे पडत नाहीत. त्यात मालाचा कॅटलॉग लावता येतो, भावासह. एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने आपला नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो, हे पुष्कळांना माहीत नसते. म्हणून पार्सलमध्ये एक चिठ्ठी घालावी : "हा नंबर जतन करा, नवा माल आधी तुम्हाला दाखवू." चिठ्ठीच्या छपाईला किती लागतात!

गिऱ्हाइकांचे नंबर आपल्या स्वतःच्या वहीत उतरवून ठेवणे आम्ही फार महत्त्वाचे मानतो. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली. त्या एका रात्रीत ज्यांची सारी ओळख टिकटॉकवर होती, त्यांचे गिऱ्हाईक गेले. ज्यांच्याकडे नंबर होते ते दुसरीकडे गेले आणि धंदा चालू राहिला. परक्याच्या ओट्यावर मांडलेले दुकान ते परक्याचेच.

पैसे लावायचे तर कुठे

दोन प्रकार नीट ओळखावेत. गुगलवर माणूस स्वतः शोधत येतो : "सोलापुरी चादर होलसेल" असे तो लिहितो आणि आपली जाहिरात त्याच्यापुढे येते. हे बाजारात पिशवी घेऊन निघालेले गिऱ्हाईक. फेसबुक-इन्स्टाग्रामवर माणूस शोधत नसतो, मन रमवत असतो. आपण त्याला मध्येच थांबवून कापड दाखवतो. म्हणून जो माल नावाने मागितला जातो त्याला गुगल, आणि जो माल डोळ्याला दिसल्यावर घ्यावासा वाटतो त्याला इन्स्टाग्राम, असा आमचा साधा ठोकताळा आहे. टॉवेल, चादर, अस्तर, लुंगी पहिल्यात. भरतकामाचे ओढणी-सूट दुसऱ्यात. दोन्हीकडे एकदम पैसे लावू नयेत. एकच माध्यम घ्यावे, दोन आठवडे रोजची ठरावीक रक्कम लावावी आणि पाहावे.

गुगलमध्ये तीन ठिकाणी पैसे गळतात. एक, जागेची निवड. "या भागात असलेले किंवा या भागात रस असलेले" असा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो बदलून केवळ त्या भागात असलेल्यांनाच दाखवा असे करावे. दोन, शोधाच्या जाहिरातीबरोबर इतर संकेतस्थळांवरही दाखवण्याची खूण आधीपासून केलेली असते, ती काढावी. तीन, नको असलेले शब्द कळवावे लागतात. "टॉवेल होलसेल"वाल्याला "टॉवेल मशीन", "टॉवेल कारखाना नोकरी" असे शोधणारे काय कामाचे? लोक मराठी-हिंदी शब्दही बहुधा रोमन लिपीत लिहून शोधतात, हेही शब्द निवडताना आठवावे. आणि रोजची रक्कम २०० ठेवली म्हणजे रोज २०० च जातील असे समजू नये. एखाद्या दिवशी दुप्पटही जातात, महिन्याच्या सरासरीत गुगल ते जुळवते.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर "बूस्ट" नावाचे बटण फार सोपे आहे, आणि सोपे असल्यामुळेच ते जास्त दाबले जाते. त्यातून बहुधा पसंतीचे अंगठे मिळतात. अंगठ्यांनी मालाचे बिल भरता येत नाही. त्याऐवजी अॅड्स मॅनेजरमध्ये जाऊन, बोट ठेवताच व्हॉट्सअॅपवर बोलणे सुरू होईल अशी जाहिरात निवडावी. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला भाव करायचा असतो, रंग विचारायचा असतो. संकेतस्थळावर ऑर्डर भरण्यापेक्षा ते त्याला सोयीचे. मात्र उत्तर द्यायला माणूस हवा. सकाळी आलेल्या चौकशीला रात्री उत्तर दिले तर ते पैसे गटारात गेले.

वर्षाचे पॅकेज विकणाऱ्यांपासून जपून राहावे. व्यापारी याद्यांचे विक्रेते चौकशा पुरवण्याचा वायदा करतात. एकच चौकशी किती व्यापाऱ्यांना दिली जाते ते आधी विचारावे आणि तीन महिन्यांपेक्षा अधिकचे पैसे एकदम देऊ नयेत. जाहिरात एजन्सीला काम दिले तरी पेज, जाहिरातीचे खाते आणि ई-मेल आपल्याच नावावर ठेवावे, त्यांना फक्त काम करण्याची परवानगी द्यावी. आमच्या परिचयातील एका होतकरू मुलाचे पेज एजन्सीच्या नावावर होते. पैशावरून बोलणे फिसकटले आणि दोन वर्षांत जमवलेली ओळख एजन्सीकडेच राहिली. आगाऊ पैसे भरून ते संपताच जाहिरात थांबेल अशी सोय जिथे मिळते, तिथे तीच घ्यावी.

परराज्यातील ऑर्डर

हा मुद्दा जाहिरात शिकवणारे सांगत नाहीत. जीएसटी नोंदणी नसलेल्याला सर्वसाधारणपणे परराज्यात माल विकता येत नाही आणि कंपोझिशनवाल्यालाही नाही. काही ठरावीक हस्तकला वस्तूंना मर्यादेत सवलत आहे; ती आपल्या मालाला लागू होते काय, हे कारागीर बंधूंनी कर सल्लागाराकडून जाणून घ्यावे. तोवर हैदराबाद, सुरत, इंदूरच्या लोकांना जाहिरात दाखवून काय उपयोग? नोंदणी नसेल तर हद्द महाराष्ट्रापुरतीच ठेवावी.

हिशेबासाठी वहीत सहा रकाने पुरेत : तारीख, खर्च, चौकशा, ऑर्डरी, परत आलेले, हाती उरलेले. कोणते गिऱ्हाईक कोणत्या जाहिरातीवरून आले हे कळण्यासाठी प्रत्येक जाहिरातीत वेगळा शब्द द्यावा. एकीत "चाँद सांगा, २५ रुपये सूट", दुसरीत "सितारा सांगा". महागडे यंत्र-तंत्र न घेता एवढ्यानेच कोणती जाहिरात कमावते आणि कोणती खाते ते समजते. दोन आठवड्यांत एकही पक्की विक्री झाली नाही तर रक्कम वाढवण्याआधी फोटो, भाव आणि मजकूर बदलून पाहावा.

वेळेचाही भाव असतो. या जाहिराती लिलावाने विकल्या जातात. दिवाळीच्या तोंडावर मोठ्या कंपन्या उतरतात आणि लहानाला तीच जागा महाग पडते. नवी परीक्षा मंदीच्या दिवसांत घ्यावी. न शिवलेल्या कापडाची ईदची जाहिरात शाबानमध्येच सुरू करावी, कारण रमजान निम्मा सरला की टेलर नवे कपडे घेत नाहीत. शेवटच्या दहा दिवसांत तयार कपडे, टोप्या, ओढण्या एवढ्यांवरच पैसे लावावेत, आणि तेही कुरियर दोन दिवसांत पोहोचेल अशाच गावांसाठी.