शिबिर, कबड्डी आणि अभ्यास

प्रश्न : मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. एनएसएस आणि कबड्डी, दोन्हीकडे नाव घातलंय. अभ्यासाचं काय होणार? – एक आई, मालवण

उत्तर : ताई, आधी तासांचा हिशेब बघू. एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तासांची अपेक्षा असते, म्हणजे आठवड्याला अडीच तासही नाहीत. निवासी शिबिर सात दिवसांचं. सेवा नुसती फोटोपुरती असेल, तर तेवढेही तास वायाच. वाळूत रुतलेलं फाटकं जाळं चौघींनी मिळून उपसलं, तर मात्र गोष्ट वेगळी.

कबड्डीत लोक चढाईला टाळ्या देतात. माझ्या मते शिकवते ती पकड. कोपरारक्षकाने उतावीळपणे एकटीनेच झडप घातली, की समोरची निसटते. साखळीतल्या जोडीदाराचा अंदाज घेऊन थांबावं लागतं. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना तुम्ही पाहिलंच असेल, एका बाजूची माणसं ढिली पडली की मासळी गेली!

परीक्षेच्या महिन्यात सराव कमी करायचा असेल, तर प्रशिक्षकांशी तिलाच बोलू द्या. तुम्ही जाऊ नका.