गेडीची शर्यत : संयोजन, सहभाग आणि बालवैद्यकीय दक्षता

आषाढ अमावास्येला, म्हणजे जिवतीच्या दिवशी, परसवाडा परिसरातील खेड्यांतून बांबूची एक विशिष्ट करकर ऐकू येऊ लागते. मुले गेडीवर चढलेली असतात. शेजारच्या छत्तीसगढात याच दिवसाला हरेली म्हणतात. तेथून पोळ्यापर्यंत, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे जवळजवळ संपूर्ण श्रावण महिना, गेडीचा असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नारबोद गावाबाहेर नेली जाते. तिच्याबरोबर खोकला, खरूज, ताप अशी सारी रोगराई जावी, असे गाऱ्हाणे घातले जाते. नागपूरच्या मारबतीशी तिचे नाते उघड आहे. नारबोदेबरोबर गेडीलाही निरोप देण्याची प्रथा आहे.

बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून निर्माण झाला आणि मध्य प्रांताच्या नागपूर विभागात समाविष्ट झाला. त्यामुळे येथील मराठी घरांत जिवतीचा कागद लावून मुलांच्या आयुष्याची प्रार्थना होते आणि त्याच दिवशी शेजारच्या गोंड पाड्यावरील मुले गेडी बांधतात. मुलांचे क्षेम आणि मुलांचा खेळ एकाच तिथीला यावेत, याचे मला बालरोगतज्ज्ञ म्हणून नेहमीच कौतुक वाटत आले आहे. गेली काही वर्षे आम्ही काही डॉक्टर आणि शिक्षक मिळून श्रावणात मुलांसाठी गेडीची लहानशी शर्यत घेतो. त्या अनुभवातून हाती आलेले काही मुद्दे व्यवसायबंधू-भगिनींपुढे आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहे.

गेडी आणि तिचे जगातील भाऊबंद

गेडी म्हणजे दोन सरळ बांबू. त्यांवर ठरावीक उंचीवर चिरलेल्या बांबूचा, पाऊल ठेवण्यापुरता आधार दोरीने घट्ट आवळून बांधतात. छत्तीसगढीत त्याला पउवा म्हणतात. दोरीच्या बांधणीवर थोडे रॉकेल सोडले की चालताना करकर अधिक होते, आणि मुलांना तीच हवी असते.

निसर्गाने पायाखालची जमीन अवघड केली की माणूस पायाला नवे साधन जोडतो. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी भुसभुशीत बर्फात रुतू नये म्हणून लाकडी चौकटीची, जाळीदार, रुंद पादत्राणे वापरीत. आज त्यांच्याही शर्यती होतात. तेथे वजन रुंदीवर पसरवून माणूस वर राहतो, येथे चिखलात बांबू रुतला तरी उंचीमुळे पाऊल कोरडे राहते. फ्रान्समधील लांद प्रांताचे मेंढपाळ दलदलीच्या माळावर अशाच काठ्यांवरून फिरत. त्या प्रदेशातील सिल्व्हाँ दोर्नों याने १८९१ साली पॅरिस ते मॉस्को हे अंतर काठ्यांवर ५८ दिवसांत पार केले. बेल्जियममधील नामूर शहरातील काठ्यांवरच्या झुंजींना २०२१ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आपल्याकडे बस्तरच्या मुरिया तरुणांचे गेडीनृत्य प्रसिद्ध आहे, आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या छत्तीसगढिया ऑलिंपिकमध्ये गेडी दौड हा एक खेळ होता.

चिखल आणि मुलांचे पाऊल

अंकुशकृमीची अळी ओल्या, सावलीतल्या मातीत वाढते आणि अनवाणी पावलाच्या त्वचेतून शरीरात शिरते. आतड्यात स्थिरावलेला नेकेटर जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मि.लि., तर अँकिलोस्टोमा जातीचा सुमारे ०.१५ ते ०.२ मि.लि. रक्त शोषतो. कृमी शेकड्यांनी असतील तर मुलाचे हिमोग्लोबिन का घसरते, हे निराळे सांगण्याची गरज नाही. चिखलावरून उंच चालणारा मुलगा तेवढा वेळ या अळीपासून दूर राहतो. परंतु गेडीवरून उतरताच तो पुन्हा अनवाणीच असतो, हे विसरून चालणार नाही. पादत्राणे, शौचालयाचा वापर आणि अल्बेंडॅझोलची गोळी यांना गेडी हा पर्याय नव्हे. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची १० ऑगस्ट ही तारीख बहुधा गेडीच्याच दिवसांत येते. शर्यतीच्या नावनोंदणीत ही गोळी घेतली का, हा एक प्रश्न अवश्य असावा.

शर्यतीपूर्व तपासणी : पोटावर हात ठेवा

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. आपला भाग हिवतापाचा जुना पट्टा आहे आणि येथील काही समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. दोन्हींत प्लीहा वाढू शकते. वाढलेली प्लीहा बरगडीच्या संरक्षणाबाहेर येते. गेडीवरून पडताना बांबूचे टोक डाव्या कुशीत बसले, तर ती फाटून प्राणघातक अंतर्गत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून प्रत्येक मुलाला आडवे निजवून, गुडघे वाकवून, प्लीहा चाचपून पाहिल्याखेरीज गेडीवर चढू देऊ नये. यास एका मुलामागे दोन मिनिटे पुरतात.

एका वर्षी नऊ वर्षांचा एक मुलगा या तपासणीत आढळला. गावातील सर्वांत चपळ म्हणून त्याची ख्याती होती. डोळ्यांत किंचित पिवळेपणा होता आणि प्लीहा बरगडीखाली तीन बोटे लागत होती. हात-पाय दुखण्याच्या तक्रारीला घरचे ‘वाढीचे दुखणे’ समजत होते. त्याला गेडीवर चढू दिले नाही. निशाण दाखविण्याचे काम दिले. तो मान खाली घालून उभा राहिला, पण निशाण मात्र त्याने नेमके दाखविले. पुढे रक्ततपासणीत सिकलसेलचा आजार निश्चित झाला. धाकट्या बहिणीची तपासणी केली, तीही बाधित निघाली. दोघांचे उपचार सुरू झाले. त्या वर्षी पहिला कोण आला हे आज मला आठवत नाही.

सिकलसेलचे मूल म्हणजे खेळातून कायमचे बाद, असा अर्थ मात्र घेऊ नये. प्लीहा लागत नसेल, प्रकृती स्थिर असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संमती असेल, तर अशा मुलाला कमी अंतराच्या फेरीत, स्वतःच्या गतीने, हवे तेव्हा थांबण्याच्या मुभेसह भाग घेऊ द्यावा. पाण्याची कमतरता, थंडी आणि अतिश्रम ही वेदनेच्या झटक्याची तीन परिचित कारणे आहेत. म्हणून आधी व नंतर पाणी, भिजल्यास लगेच कोरडे कपडे आणि मध्ये विश्रांती एवढे पथ्य सांभाळावे. केवळ वाहक असलेल्या मुलांना बंदी नको, परंतु उन्हात दमछाक होईपर्यंत पळणे त्यांच्याही हिताचे नाही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून सुरू झाले. या अभियानात तपासणी झाली असल्यास तिचे कार्ड नोंदणीच्या वेळी अवश्य पाहावे.

मैदान, साधने व नियम

१. वय : एका पायावर लंगडी घालण्याइतका तोल साधारणतः चौथ्या-पाचव्या वर्षी येतो. सहा वर्षांखालील मुलांना गेडी देऊ नये. त्यांच्यासाठी नारळाच्या करवंट्यांना दोरी ओवून केलेली बुटकी गेडी उत्तम.

२. उंची : लहान गटात आधार वीतभर उंचीवर, मोठ्या मुलांत गुडघ्यापेक्षा खालीच असावा. अधिक उंचीची चढाओढ शर्यतीत नको.

३. साधन : बांबू तडा न गेलेला, टोके सपाट कापलेली व कुसळे घासून काढलेली असावीत. दोरीची गाठ पंचांनी स्वतः ओढून पाहावी.

४. मैदान : डांबरी रस्ता वा फरशी टाळावी. दगड वेचलेले, गवताचे सपाट मैदान घ्यावे. ५० मीटर अंतर पुरेसे आहे. दोन स्पर्धकांत किमान दोन मीटर जागा ठेवावी, कारण पडणारा मुलगा बहुधा कुशीवर पडतो. एका फेरीत सहापेक्षा अधिक मुले नकोत.

५. वेळ : सकाळची, न्याहारीनंतर तासाभराने. उपाशी मूल पळवू नये, म्हणून श्रावणी सोमवार टाळावा. ढगांचा गडगडाट ऐकू येताच मैदान रिकामे करावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे.

६. निकाल : पडलेल्याने त्याच जागेवरून पुन्हा चढून पुढे जावे. शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला बक्षीस द्यावे.

दुखापत झाल्यास

हात टेकून पडल्याने मनगटाचा आणि कोपराच्या वरचा अस्थिभंग मुलांत नेहमी आढळतो. कोपर सुजल्यास ओढून सरळ करू नये. मनगटाची नाडी, बोटांची हालचाल व ऊब पाहावी. हात आहे त्याच स्थितीत फळीने बांधून लगेच पाठवावे. डोक्यावर पडलेल्या मुलाला उलट्या, गुंगी वा वाढती डोकेदुखी असल्यास घरी सोडू नये. पडल्यानंतर डाव्या कुशीत वा डाव्या खांद्यात दुखणे आणि फिकटपणा दिसल्यास प्लीहेचा विचार प्रथम करावा. बांबूचे कुसळ आणि माती यांच्या जखमेत धनुर्वाताची लस झाली आहे का, हे विचारावे. पाच-सहा, दहा आणि सोळा वर्षांचे डोस अनेकदा राहून गेलेले असतात. १०८ वाहनाला आदल्या दिवशी सूचना द्यावी आणि जिल्हा रुग्णालयापर्यंतचा घाटरस्ता पावसात खुला आहे का, याची खात्री करून घ्यावी.

मोठ्यांचा सहभाग

मुलांच्या फेऱ्या संपल्यावर आम्ही मोठी माणसेही गेडीवर चढतो. पन्नाशीनंतर तोल, नजर आणि गुडघे यांची वयाशी तडजोड झालेली असते. म्हणून वीतभर उंची, पंचवीस मीटर आणि बाजूने एक तरुण सोबती, एवढ्यावरच मी समाधान मानतो. रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असलेल्यांनी टाळ्या वाजविण्याचे काम स्वीकारावे. डॉक्टर स्वतः डगमगत चालताना पाहिला की गावातील माणसे त्याच्याशी मोकळेपणाने बोलू लागतात आणि पुढच्या वर्षी तपासणीला अधिक मुले येतात, असे मी पाहिले आहे.

समारोप

गेडी ही या मातीची, जवळजवळ विनाखर्चाची क्रीडा आहे. ती टिकावी असे वाटत असेल, तर ती सुरक्षित ठेवणे हे आपल्यासारख्यांचे काम आहे. आपल्या गावी, आपल्या वस्तीत येत्या श्रावणात अशी एक शर्यत घ्यावी, ही सर्व सभासदांना विनंती. मात्र निशाण खाली पडण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या पोटावर एकदा हात ठेवावा.