प्लूटो आणि त्याचे चंद्र

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात क्लाइड टॉम्बॉ नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा राहत असे. आकाशातील ताऱ्यांचे त्यास विलक्षण वेड होते. परंतु गारपिटीने उभे पीक आडवे केले आणि महाविद्यालयात जाण्याचा त्याचा मनोरथ मनातच राहिला. तरीही क्लाइड खचला नाही. जुन्या मोटारीचे व शेतीच्या यंत्रांचे भाग जमवून आणि आरसे स्वतःच्या हातांनी घासून त्याने दुर्बीण तयार केली. तिच्यातून दिसलेल्या मंगळाची व गुरूची चित्रे काढून त्याने ती ॲरिझोना राज्यातील लॉवेल वेधशाळेकडे धाडली. ती पाहून वेधशाळेने १९२९ साली त्यास कामावर बोलाविले.

नेपच्यूनच्या पलीकडे आणखी एक ग्रह असावा, असा या वेधशाळेचे संस्थापक पर्सिव्हल लॉवेल यांचा तर्क होता. त्या ग्रहाचा शोध घेण्याचे काम क्लाइडकडे आले. आकाशाच्या एकाच भागाची काही दिवसांच्या अंतराने दोन छायाचित्रे घ्यावयाची आणि ती यंत्रातून आलटून पालटून न्याहाळावयाची, हा त्याचा नित्यक्रम झाला. तारे जागच्या जागी दिसतात. ग्रह मात्र सरकलेला आढळतो. लाखो ठिपक्यांतून सरकणारा एक ठिपका हुडकणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखेच होते! अखेर १८ फेब्रुवारी १९३० रोजी जानेवारीतील दोन छायाचित्रे पाहताना तो ठिपका त्यास गवसला. तेव्हा क्लाइड अवघा चोवीस वर्षांचा होता. या नव्या ग्रहास 'प्लूटो' हे नाव सुचविले ते इंग्लंडमधील व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने. सूर्यमालेत नववा ग्रह आला आणि शाळाशाळांतून मुले नऊ ग्रहांची नावे पाठ करू लागली.

प्लूटो पृथ्वीएवढा जड असावा, असा आरंभी अनेकांचा कयास होता. पण इतक्या दूरच्या गोलाचे वजन करावयाचे कसे? त्यासाठी तराजू मिळाला तो १९७८ साली. जेम्स क्रिस्टी या शास्त्रज्ञांस प्लूटोच्या छायाचित्रांत एका बाजूस फुगवटा दिसला. तो कधी या बाजूस, तर कधी त्या बाजूस असे. तो डाग नव्हता. प्लूटोचा चंद्रच होता! त्यास 'शॅरन' हे नाव मिळाले.

ग्रह जितका जड, तितके त्याच्याभोवती ठरावीक अंतरावरून फिरणाऱ्या चंद्रास अधिक वेगाने फिरावे लागते. म्हणून चंद्राचे अंतर व त्याच्या फेरीचा काळ कळला, की ग्रहाचे वजन काढता येते. शॅरनची फेरी सुमारे साडेसहा दिवसांची असते. त्यावरून गणित मांडले, तेव्हा सारे चकित झाले. प्लूटो पृथ्वीच्या सुमारे साडेचारशेव्या हिश्श्याएवढाच भरतो; आपल्या चंद्राहूनही तो हलका आहे!

प्लूटोचा व्यास सुमारे २,३७७ किलोमीटर, तर शॅरनचा सुमारे १,२१२ किलोमीटर. म्हणजे चंद्र ग्रहाच्या निम्म्याएवढा! दोन मुली हात धरून फुगडी खेळतात, तेव्हा त्यांची तोंडे सदैव एकमेकींकडे असतात आणि दोघी मधल्या एका बिंदूभोवती फिरतात. प्लूटो व शॅरन यांचीही तशीच फुगडी चालते. पुढे २००५ ते २०१२ या काळात हबल दुर्बिणीच्या साहाय्याने निक्स, हायड्रा, कर्बेरॉस व स्टिक्स हे चार लहान चंद्रही सापडले.

इतक्यात नवाच पेच उभा राहिला. नेपच्यूनपलीकडे प्लूटोसारखे अनेक बर्फाळ गोल आढळू लागले. २००५ साली सापडलेला एरिस तर जवळजवळ प्लूटोएवढाच होता. प्लूटो ग्रह, तर एरिस का नव्हे? म्हणून ऑगस्ट २००६ मध्ये प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरविली. सूर्यमालेतील ग्रहाने सूर्याभोवती फिरले पाहिजे, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल आकार घेतला पाहिजे आणि आपल्या कक्षेचा परिसर इतर गोलांपासून मोकळा केलेला असला पाहिजे. पहिल्या दोन कसोट्यांस प्लूटो उतरला. तिसरीस उतरला नाही. म्हणून तो 'बटुग्रह' ठरला. बुध व शुक्र यांना एकही चंद्र नाही, तरी ते ग्रह आहेत. पाच चंद्रांचा धनी प्लूटो मात्र ग्रह नाही! केवळ परिवार मोठा असल्याने हा मान मिळत नाही. सर्वच शास्त्रज्ञांस हा निर्णय पटला असे नाही. त्यावर आजही वाद चालतो.

क्लाइड टॉम्बॉ १९९७ साली निवर्तले. त्यांच्या रक्षेचा अंश घेऊन 'न्यू होरायझन्स' हे यान जानेवारी २००६ मध्ये निघाले आणि १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोजवळून गेले. त्याने पाठविलेल्या छायाचित्रांत बर्फाचे उंच पर्वत व हृदयाच्या आकाराचे शुभ्र मैदान दिसले. प्लूटोची पदवी गेली. त्याचे वैभव मात्र तसूभरही उणावले नाही. नावे माणसे ठेवतात आणि ज्ञान वाढले की ती बदलतातही. परंतु शेतावरील त्या मुलाने चिकाटीने शोधलेला तो ठिपका आजही आपल्या पाच सोबत्यांसह सूर्याभोवती २४८ वर्षांची आपली प्रदक्षिणा शांतपणे घालीत आहे.