लोखंडी तवा: सुगरणीचा आणि डॉक्टरचा

स्मरणिकेसाठी लेख देण्याचा आग्रह झाला, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब यांपैकी एखादा विषय निवडावा, असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयांवर माझ्याहून अधिकारी अशी मंडळी आपल्या संघटनेत आहेत. म्हणून ज्या विषयात मी स्वतः एकदा चुकलो, त्याविषयीच लिहावे असे ठरविले. विषय साधा आहे: पोलादी पत्र्याचा तवा आणि कढई. आपण सारे त्याला सरसकट ‘लोखंडी’ म्हणतो.

कोगनोळी हे महामार्गावरचे गाव. दूधगंगा ओलांडली की पलीकडे कागल, महाराष्ट्र; अलीकडे आपण, कर्नाटकात. नदीच्या दोन्ही काठांवरची भाषा एक, भाकरी एक आणि स्त्रियांचा पांढुरकेपणाही एकच. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण कर्नाटकात ४७.८ टक्के, महाराष्ट्रात ५४.२ टक्के आणि देशात ५७ टक्के आढळले. निपाणी परिसरातील तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या किंवा घरी विड्या वळणाऱ्या भगिनी ज्याच्या दवाखान्यात येतात, त्याला हे आकडे वाचून आश्चर्य वाटत नाही.

अशीच एक विडी कामगार भगिनी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. वय चाळिशीच्या आतबाहेर, हिमोग्लोबिन ७.८. लोहाच्या गोळ्यांनी पोटात मळमळते, शौचास काळे होते, म्हणून त्या नकोत असे तिने सांगितले. मी त्या वेळी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, “बाई, घरात लोखंडी तवा आहे ना? मग त्यावरच सगळा स्वयंपाक करा, तीन महिन्यांनी या.” ती तीन महिन्यांनी आली. तवा तिने इमाने इतबारे वापरला होता. हिमोग्लोबिन ७.१ होते.

माझे कुठे चुकले, हे समजून घेण्यासाठी आधी तव्याकडेच नीट पाहावे लागले.

आपल्याकडे काळे भांडे म्हणून जे विकले जाते, त्यात दोन जाती आहेत. एक बिडाचे, म्हणजे साच्यात ओतलेले. त्यात कार्बनचे प्रमाण साधारण दोन ते चार टक्के असते. ते जड असते, उष्णता धरून ठेवते, पण कार्बनमुळे ठिसूळही असते. फरशीवर पडले तर तडकते. कोल्हापूर आणि बेळगाव ही दोन्ही शहरे बिडाच्या ओतकामासाठी नावाजलेली असल्याने ही भांडी आपल्याला परकी नाहीत. दुसरी जात पत्र्याची. लाटलेल्या पोलादी पत्र्यात कार्बन पुष्कळ कमी असतो, म्हणून तो ठोकता येतो, वाकवता येतो आणि पडला तर फार तर पोचा येतो. घिसाडी मंडळी रस्त्याकडेला पाल टाकून, भाता चालवून जे तवे, पळ्या आणि उलथणी ठोकून देत, त्या याच जातीच्या. हल्ली मोठ्या शहरांत ‘कार्बन स्टील’ या नावाने चढ्या किमतीला जो तवा मिळतो, तो याच कुळातला. फक्त त्याचा पत्रा जाड असतो आणि दांडी रिव्हेट मारून पक्की केलेली असते.

निवड करताना माझा पहिला सल्ला असा की, तवा डोळ्यांनी नव्हे तर तराजूने पाहावा. २६ सेंटिमीटर व्यासाचा, अडीच मिलिमीटर जाडीचा तवा दांडी सोडून साधारण एक किलो भरतो. तेवढ्याच व्यासाचा अर्धा किलोचा तवा पातळ पत्र्याचा असतो. त्यावर भाकरी मधोमध करपते आणि कडेला कच्ची राहते; शिवाय मोठ्या आंचेवर तो लवकर वाकतो. पोलादातून उष्णता ॲल्युमिनियमच्या मानाने फार सावकाश पसरते. पत्रा जाड असेल तरच ती उणीव भरून निघते आणि तवाही मंद आंचेवर चार-पाच मिनिटे तापू द्यावा लागतो. विजेच्या इंडक्शन शेगडीवर हा तवा चालतो, पण तेथे तर घाई मुळीच करू नये. दांडीही पाहून घ्यावी. रिव्हेटची दांडी मजबूत, मात्र खिळ्यांच्या डोक्याभोवती मळ साचतो. डाग देऊन जोडलेली दांडी स्वच्छ राहते, पण तो जोड चांगला असावा लागतो.

नव्या तव्यावर गंज चढू नये म्हणून तेलाचा किंवा मेणासारखा थर दिलेला असतो. तो गरम पाणी, साबण आणि घासणी यांनी पूर्ण काढावा. मग तवा कोरडा करून तापवावा, तेलाचा अगदी पुसट हात फिरवावा, जास्तीचे तेल फडक्याने पुसून टाकावे आणि धूर येऊन थांबेपर्यंत तापू द्यावा. असे चार-पाच वेळा केले की करडा पत्रा प्रथम तांबूस आणि नंतर काळा होतो. आमच्या घरी याला तवा मुरवणे म्हणत. यात घडते ते असे: तेलातील असंतृप्त मेदाम्ले उष्णतेने व हवेतील प्राणवायूने एकमेकांना जोडली जातात आणि त्यांचा टणक, कोरडा पापुद्रा पत्र्याला चिकटून बसतो. आपल्याकडचे करडईचे तेल यासाठी उत्तम. शेंगतेलानेही काम होते, थोडा वेळ अधिक लागतो. तेल सढळ हाताने ओतले तर मात्र पापुद्रा होण्याऐवजी चिकट डाग पडतात. माझ्या पहिल्या तव्याची ही गत झाली आणि तो पुन्हा घासून पांढरा करताना घरातील मंडळींनी माझ्या शास्त्रीय ज्ञानाचे पुरेसे कौतुक केले.

मुरलेल्या तव्यावर आंबोळी अलगद सुटते आणि खरडा रगडला तरी काही बिघडत नाही. वापर झाल्यावर पाण्याने घासून, लगेच आंचेवर कोरडा करून, तेलाचे बोट फिरवून ठेवावा. भिजत ठेवू नये. गंज आलाच तर घासून पुन्हा मुरवावा. गंजलेल्या तव्यावरचे खाल्ले तर धनुर्वात होईल का, असे मला अनेकांनी विचारले आहे. होत नाही. धनुर्वाताचे जंतू जखमेतून शिरतात, भाकरीतून नव्हे.

आता माझ्या चुकीकडे येतो. भांड्यातील लोह अन्नात उतरते हे खरेच आहे. १९८६ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये झालेल्या एका अभ्यासात निरनिराळे पदार्थ लोखंडी आणि इतर भांड्यांत शिजवून तपासले गेले आणि बहुतेक पदार्थांत लोह वाढलेले आढळले. परंतु कोणत्या पदार्थांत अधिक? जे आंबट, जे पातळ आणि जे फार वेळ शिजले, त्यांत. शिवाय नव्या भांड्यातून जास्त लोह उतरले, जुन्या वापरातल्या भांड्यातून कमी. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये इथिओपियातील लहान मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्षभर लोखंडी भांड्यातील अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन सरासरी १.७ ग्रॅमने वाढले, तर ॲल्युमिनियमच्या भांड्यातील अन्न खाणाऱ्यांचे ०.४ ग्रॅमने. तेथेही भांडी शिजवण्याची होती, भाकरी भाजण्याची नव्हती.

माझ्या रुग्ण भगिनीचा तवा तिच्या सासूच्या काळापासूनचा, आरशासारखा काळा होता. त्यावर ती जोंधळ्याची कोरडी भाकरी भाजत होती. मध्ये तेलाचा टणक पापुद्रा, वर कोरडे पीठ, दोन मिनिटांचा संबंध. लोह उतरणार कुठून? भाजी आणि आमटी तर ॲल्युमिनियमच्या पातेल्यात होत होती. सुगरणीला जो तवा सर्वांत चांगला, तो डॉक्टरच्या दृष्टीने सर्वांत निरुपयोगी. आणि ज्या आंबट रसाने लोह सुटते, तोच रस तव्याचा पापुद्रा खाऊन टाकतो. ही दोन कामे एका भांड्याकडून होत नाहीत, हे मला तेव्हा उमगले.

म्हणून आता मी दोन भांडी सुचवतो. भाकरी, आंबोळी, घावन यांसाठी मुरलेला तवा; त्याला चिंच, आमसूल, टोमॅटो लावू नये. आणि अंबाडीची भाजी किंवा चिंचेची आमटी यांसाठी वेगळी लोखंडी कढई, जिचा काळेपणा टिकवण्याची फिकीर करू नये. पदार्थ शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावा. रात्रभर ठेवला तर तो काळाकुट्ट होतो आणि जिभेला धातूची चव लागते. वांगे काळे पडले तर घाबरू नये. त्यातील तुरट द्रव्ये आणि लोह यांचा तो रंग, जुनी शाई याच तत्त्वावर होत असे. जेवणासोबत लिंबू घ्यावे, चहा मात्र तासभर लांब ठेवावा. थॅलॅसीमियाच्या किंवा शरीरात लोह साठण्याचा विकार असलेल्या रुग्णाला मात्र ही कढई नको.

भांड्याचा आणि आजाराचा संबंध आपल्या पिढीच्या डॉक्टरांना नवा नाही. लहान मुलांच्या यकृताचा ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ हा जीवघेणा विकार आपण पुस्तकांत शिकलो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ साली त्याचा संबंध पितळ-तांब्याच्या भांड्यात तापवलेल्या व साठवलेल्या दुधाशी जोडला. पुढे घरोघरी ती भांडी मागे पडली आणि हा विकारही दुर्मीळ झाला. रुग्णाचा इतिहास घेताना “दूध कशात तापवता?” हा प्रश्न किती मोलाचा ठरला, पाहा.

न चिकटणाऱ्या, लेप दिलेल्या तव्याविषयीही विचारणा होते. मध्यम आंचेवर तो लेप निरुपद्रवी आहे. रिकामा तवा मोठ्या आंचेवर विसरला तर साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे लेप बिघडू लागतो आणि त्याहून पुष्कळ जास्त तापला तर निघणारा धूर त्रासदायक ठरतो. आपली भाकरी मोठ्या आंचेची असल्याने तिच्यासाठी मी तो सुचवत नाही.

त्या भगिनीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. दुसऱ्या भेटीत मी, जे पहिल्या भेटीत विचारायला हवे होते, ते विचारले. पाळीत दहा दहा दिवस रक्तस्राव होत होता. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. प्रौढ स्त्रीची लोहाची दैनंदिन गरज २०२० च्या राष्ट्रीय शिफारशीनुसार २९ मिलिग्रॅम, सरकारी लोहगोळीत ६० मिलिग्रॅम. ज्या शरीरातून दरमहा एवढे रक्त जाते, तेथे कढई काय पुरी पडणार? गोळ्या जेवणानंतर देऊन मळमळ आटोक्यात आणली, हिमोग्लोबिन वाढल्यावर शस्त्रक्रिया झाली. तीन महिने मी तव्यावर वाया घालवले होते, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, “डॉक्टर, तवा तर चांगलाच हाय. तुमी इचारलंच न्हाई, त्यावर काय करतीस म्हणून.”